मुंगसाचं रक्त आणि मोंबासाचा कावळा: परदेशी जाणाऱ्या प्राणी-गुप्तहेरांच्या गोष्टी कशा चालतात

मुलांच्या पुस्तकांच्या कपाटात हल्ली एक प्रकार हमखास दिसतो. मुखपृष्ठावर टोपी घातलेला कुत्रा, पंजात भिंग, मागे पिरॅमिड. नाहीतर मफलर गुंडाळलेली मांजर आणि मागे बर्फाचे डोंगर. डिचोली-फोंड्याच्या दुकानात मूल ते पुस्तक उचलतं आणि सोबतच्या मोठ्या माणसाला प्रश्न पडतो: चोर पकडायला कुत्रा इजिप्तला कशाला जातो? यातून मुलाला मिळतं काय? आणि समोरच्या दहा पुस्तकांतलं कुठलं घ्यायचं?

या गोष्टी चवथीच्या माटोळीसारख्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीसारख्या असतात. पाहणाऱ्याला फळंफुलं दिसतात, सगळा भार मात्र गाठींवर असतो. गाठी कुठे आहेत हे कळलं की पुस्तक निवडणं सोपं होतं, आणि मुलांसाठी अशी गोष्ट स्वतः रचणंही जमतं. सुरुवातीलाच एक कसोटी सांगून ठेवतो. प्राण्याच्या जागी शेजारचा मुलगा ठेवून बघा आणि परदेशाच्या जागी म्हापसा. गोष्ट जशीच्या तशी चालली, तर प्राणी आणि परदेश दोन्ही फक्त मुखपृष्ठापुरते आहेत.

सुगावा, चकवा, उलगडा

तीन शब्द पुरतात. खऱ्या उत्तराकडे नेणारी खूण म्हणजे सुगावा. चुकीच्या उत्तराकडे नेणारी, पण खोटी नसलेली खूण म्हणजे चकवा. रानात चकवा लागलेला माणूस गोल गोल फिरतो असं आपल्याकडे म्हणतात, वाचकाचंही तेच होतं. आणि सगळ्या खुणा एकाच उत्तरात बसतात तो उलगडा.

आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण फार जुनं आहे, पंचतंत्रातलं. आई पाण्याला जाते, बाळाजवळ पाळलेलं मुंगूस असतं. परतताना दारात मुंगूस दिसतं, तोंड रक्ताने माखलेलं. आई घागर त्याच्यावर घालते, मुंगूस मरतं. आत बाळ सुखरूप आणि पाळण्याजवळ मेलेला साप. ही रहस्यकथाच आहे, फक्त गुप्तहेर नसलेली. आईने पाहिलं ते खरं होतं: तोंडाला रक्त. तिला वाटलं ते चुकीचं होतं: रक्त बाळाचं. दोन्हींच्या मध्ये एक पायरी होती, आत जाऊन बघण्याची, आणि तीच तिने गाळली. मुलांच्या रहस्यकथा मुळात हीच गाळलेली पायरी परत जागेवर बसवतात.

म्हणून एक नियम कधी मोडायचा नसतो. गुप्तहेराला मिळालेला सुगावा वाचकालाही त्याच क्षणी मिळाला पाहिजे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यांतही हा आहे. मोठ्यांच्या पुस्तकात तो मोडला तर वाचक चिडतो. मुलांच्या पुस्तकात मोडला तर मूल समजतं की आपल्यालाच काही कळत नाही. हे जास्त वाईट.

गुप्तहेर प्राणीच का?

पहिलं कारण उंचीचं. मांजर आणि सहा वर्षांचं मूल दोघंही जग खालून बघतात: टेबलाची खालची बाजू, चपला, दाराखालची फट. दोघांसमोर मोठी माणसं बिनधास्त बोलतात, कारण कोणी ऐकतंय असं त्यांना वाटतच नाही. प्राण्याच्या जागी मूल स्वतःला सहज ठेवतं.

दुसरं कारण इंद्रियांचं, आणि खरी गंमत इथे आहे. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात, चांगल्या नाकाच्या कुत्र्यात ३० कोटींपर्यंत. माणसाचे कान सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज पकडतात, मांजराचे सुमारे ६४ हजारांपर्यंत. म्हणजे पोदेराच्या सायकलचा पोंपों आपण आणि मांजर दोघंही ऐकतो, पण पावांच्या टोपलीमागे उंदराची पिल्लं चिवचिवली तर ते फक्त मांजराला कळतं. माणसाला न सापडणारा सुगावा अशा प्राण्याला न्याय्यपणे सापडू शकतो, जादू लागत नाही.

पण शक्तीबरोबर उणीव द्यावी लागते, तीही खरी. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल आणि हिरव्यात मात्र फारसा फरक कळत नाही. मांजराच्या जिभेला गोड चव लागतच नाही. ज्याला सगळं येतं त्याला कोडं पडत नाही, आणि वाचकाला त्याच्या पुढे जाण्याची संधीही उरत नाही. लाल रुमाल हिरव्या गवतात पडलाय, कुत्रा तिथून जातो, त्याला दिसत नाही, चित्रात मुलाला मात्र दिसतो. ओरडून सांगावंसं वाटतं ना, तिथे मूल गोष्टीत शिरतं.

प्राणी किती प्राणी ठेवायचा?

तीन पायऱ्या आहेत. पहिलीवर प्राणी पूर्ण प्राणी असतो: बोलत नाही, हुंगतो, भुंकतो, आणि सोबतचं मूल त्याचा अर्थ लावतं. दुसरीवर प्राणी एकमेकांशी बोलतात, माणसांचं त्यांना कळतं, पण माणसांना त्यांचं कळत नाही. तिसरीवर सगळं जगच प्राण्यांचं: उंदीर तिकीट काढतो, बोका इन्स्पेक्टर असतो.

कुठलीही घ्या, पण पहिल्या दोन पानांत ठरवा आणि सोडू नका. सगळ्यात जास्त गोंधळ दुसरीवर होतो, कारण प्राण्याला उत्तर कळतं पण माणसांना सांगता येत नाही. लेखक इथे थकतो आणि शेवटी मांजराला अचानक बोलायला लावतो. ते करू नये. मांजर ओढून आणेल, ओरबाडेल, तिथेच ठाण मांडून बसेल. उत्तर पोचवायचं कसं, हे या पायरीवरचं दुसरं कोडं आहे आणि ते पहिल्याइतकंच चांगलं असू शकतं.

मग परदेश कशाला?

कारण परदेशात आपली गृहीतं चुकतात, आणि रहस्यकथा गृहीतांवरच जगते. गोव्यातल्या मुलांना परदेश तसा परका नाही. कुणाचा काका बोटीवर असतो, कुणाची आत्या कुवेतला, कुणाचे शेजारी लिस्बनला किंवा इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेले. ‘आत्ता फोन करू नको, तिथे झोपलेत’ हे वाक्य घरोघरी असतं. त्यातूनच सुगावा काढता येतो.

समजा लिस्बनमध्ये डिसेंबरात संध्याकाळी ७ वाजता चोरी झाली. संशयित म्हणतो, ‘७ वाजता मी गोव्यातल्या साखळीत असलेल्या आजीशी व्हिडिओवर बोलत होतो, ती तुळशीपाशी दिवा लावत होती.’ ऐकायला छान. पण हिवाळ्यात लिस्बन आपल्या साडेपाच तास मागे असतं. तिथे संध्याकाळचे ७ म्हणजे साखळीला रात्रीचे साडेबारा. त्या वेळी दिवा कोण लावतं? आजीने खरंच सातला दिवा लावला असेल, तर लिस्बनला तेव्हा दुपारचा दीड होता. मात्र गोष्ट जुलैत घडवली तर फरक साडेचार तासांचा धरावा लागेल, कारण युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे नेतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. हे विसरलं की चाणाक्ष मूल पत्र लिहून चूक दाखवतं.

ऋतूंचंही तसंच. ‘हा फोटो नाताळातला, सिडनीचा’ असं सांगणाऱ्याच्या फोटोत लोकरी कोट आणि उघडी बोडकी झाडं असतील तर तो खोटं बोलतोय, तिथे डिसेंबर हा उन्हाळा.

प्राणी सीमा ओलांडतो कसा?

तिसऱ्या पायरीवर हा प्रश्न नाही, बोक्याकडे पासपोर्ट असतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर ‘कुत्र्याने रात्रीचं विमान पकडलं’ असं लिहिलं की गाठ सुटलीच. भारतातून युरोपीय संघात कुत्रा न्यायचा तर आधी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी. तीत संरक्षक घटक दर मिलिलिटरला किमान ०.५ एकक भरावे लागतात, आणि रक्त घेतल्यापासून आणखी ३ महिने थांबावं लागतं. वर आरोग्याचे दाखले. म्हणजे चार महिने तरी गेले. जपानला तर रक्त घेतल्यापासून १८० दिवस.

लेखकांना ही अडचण वाटते. आम्हाला ती खाण वाटते. चिपवर १५ अंकी क्रमांक असतो, पहिले ३ अंक देशाचे किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचे. विमानतळावर उतरलेला कुत्रा दिसायला तोच, पण क्रमांकाचे शेवटचे दोन अंक वेगळे निघाले तर? कुत्रा बदलला गेलाय, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते.

उंदराला कागद लागत नाहीत, बोट लागते. पण बंदरात बोटी बांधतात त्या दोरखंडांवर मोठे गोल पत्रे बसवलेले असतात, उंदीर दोरावरून चढू नयेत म्हणून. उंदीर-गुप्तहेराला त्या पत्र्याचं काय करायचं हे सोडवावं लागेल. मालाच्या पेटीतून जाणं जास्त पटतं.

आणि एक प्रवासी खरोखरचा आहे: आपला साधा, राखाडी मानेचा कावळा. तो बोटींवर बसून हिंदी महासागर ओलांडून गेला आहे. १९व्या शतकाच्या अखेरीला झांझिबारला त्याला माणसांनीच कचरा साफ करायला नेलं, पुढे तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पसरला, आणि १९९०च्या दशकात बोटीने थेट नेदरलँड्सच्या बंदरापर्यंत पोचला. ‘कावळा ओरडला, पाहुणा येणार’ म्हणणाऱ्या मुलांना कावळा स्वतःच पाहुणा होतो हे फार आवडतं.

एक सांगाडा: मोंबासाचा कावळा

गोष्ट शेवटापासून रचायची. आधी उत्तर, मग सुगावे, मग चकवे, आणि सर्वात शेवटी पहिलं वाक्य. सात ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी सहा छोटी प्रकरणं, तीन संशयित, चार-पाच सुगावे आणि दोन चकवे पुरेसे. त्याहून जास्त पात्रं झाली की मूल मागची पानं उलटत बसतं.

आमचा गुप्तहेर म्हणजे गोव्याहून बोटीने केनियातल्या मोंबासाला गेलेला कावळा. आमचं उत्तर असं: चोर कोणीच नाही. मोंबासाच्या जुन्या बंदरातल्या गलबतावरून पितळी होकायंत्र नाहीसं झालंय. ते ओहोटीच्या वेळी घरंगळून फळीमागच्या फटीत गेलं. गलबत तेव्हा चिखलात टेकून एका बाजूला कललं होतं. मोंबासाला भरती-ओहोटीतला फरक ३ मीटरच्याही वर जातो, त्यामुळे हे पटतं.

संशयित तीन. एक, गलबतावर कामाला असलेला मुलगा. दोन, जुन्या वस्तूंचा व्यापारी. तीन, स्वतः कावळा, कारण त्याच्या घरट्यात पितळी तार सापडते. हा पहिला चकवा, आणि तो खोटा नाही: कावळे घरट्यात तारा खरंच वापरतात.

आता मुख्य सुगावा. मासळी विकणारी बाई सांगते, ‘गलबतावर ठण्ण आवाज झाला, तेव्हा साआ तातू झाले होते.’ स्वाहिलीत साआ म्हणजे तास आणि तातू म्हणजे तीन. कावळा समजतो दुपारचे ३. तेव्हा भरती होती, गलबत पाण्यावर सरळ होतं, म्हणजे वस्तू आपोआप पडणं शक्य नाही. आणि दुपारी ३ वाजता गलबतावर तो मुलगा एकटाच होता. झाला चोर ठरवून!

पण स्वाहिली बोलणारे लोक तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे ७ म्हणजे त्यांचा पहिला तास. तिसरा तास म्हणजे सकाळचे ९. आपल्याकडे घटका आणि प्रहर मोजत तेही सूर्योदयापासूनच, त्यामुळे आजी-आजोबांना हे चटकन समजेल आणि ते मुलांना समजावतीलही. सकाळी ९ आणि दुपारी ३ यांत ६ तासांचं अंतर, आणि ओहोटीपासून भरतीपर्यंतही साधारण ६ तासच लागतात. एका शब्दाचा अर्थ सरकला आणि ओहोटीची भरती झाली. सकाळी ९ वाजता गलबत कललेलं होतं.

आणि तो मुलगा ९ वाजता कुठे होता? लिकोनीच्या फेरीबोटीवर. हे कावळ्याला नक्की माहीत आहे, कारण दुसऱ्या प्रकरणात त्याच फेरीवर मासळीचा तुकडा उचलताना मुलाने त्याला हाकललं होतं. कावळ्यांच्या एका जातीवर अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात मुखवटे घालून प्रयोग झाले. पकडणाऱ्याचा चेहरा पक्ष्यांनी वर्षानुवर्षं लक्षात ठेवला. म्हणजे कावळ्याची शक्ती इथे पुरावा म्हणून उभी राहते. गोव्यातल्या चोराव बेटाच्या फेरीने रोज येजा करणाऱ्या मुलाला ते दृश्य वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

उणीव कुठली? कावळा तिन्हीसांजेला झाडावर परततो, रात्रीचा तपास त्याला जमत नाही. शिवाय चेहरे न विसरणारा हा पक्षी कोकिळेने आपल्याच घरट्यात घातलेलं अंडं ओळखत नाही, आपलं म्हणून उबवतो. चौथ्या प्रकरणात ‘मला सगळं दिसतं’ म्हणणाऱ्या कावळ्याला कोणीतरी याची आठवण करून द्यावी. पाहिलेल्यावरही पुन्हा विचार करायला तो तिथून शिकतो.

बोलता येत नसल्यामुळे शेवटी कावळा फळीवर चोच मारत राहतो. हाकलला तरी परत तिथेच येतो. खलाशी वैतागून फळी उचकटतात.

कुठे बिघडतं

सर्वात जास्त चुका प्राण्यांविषयीच्या अर्ध्या माहितीतून होतात. उदाहरणार्थ: ‘बेबिंका मांजराने खाल्ली नाही, कारण मांजराला गोड लागत नाही.’ पक्कं वाटतं, पण नाही. बेबिंकेत अंड्याचा बलक आहे, तूप आहे, नारळाचा रस आहे. मांजर स्निग्धतेसाठी ती आनंदाने खाईल. तिथे खडीसाखर ठेवा, मग सुगावा टिकतो.

पावसाचंही असंच. हलक्या ओलाव्यात माग टिकतो, धो धो पाण्यात वाहून जातो. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुलैतल्या गोष्टीत कुत्रा दुसऱ्या दिवशी उघड्या रस्त्यावरचा माग काढत असेल तर पटणार नाही. पडवीतला, छपराखालचा काढेल.

विषुववृत्तापलीकडे बेसिनमधलं पाणी उलट दिशेने फिरतं, हा सुगावा अनेकांना मोहात पाडतो. बेसिनएवढ्या पाण्यावर पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम नगण्य असतो. पाणी कसं फिरेल ते भांड्याचा आकार आणि ते ओतलं कसं यावर ठरतं. हा सुगावा वापरूच नका.

रचनेतल्या दोन चुका लगेच ओळखू येतात. शेवटच्या पानावर पहिल्यांदाच भेटलेला चोर, आणि कोणी पुरावा न दाखवताच ‘हो, मीच केलं’ म्हणणारा चोर. अशी पुस्तकं परत ठेवावीत.

‘प्राणी बोलतात, हे खोटं नाही का?’

मुलांना हे खोटं आहे हे माहीत असतं, आणि गोष्टीपुरतं मान्यही असतं. पंचतंत्र वाचून कोणी सिंहाशी बोलायला गेलेलं नाही. धोका दुसरीकडे आहे. प्राणी बोलतो हे मूल मागे टाकतं, पण ‘साप दूध पितो’ किंवा ‘वटवाघूळ आंधळं असतं’ हे खरं मानून लक्षात ठेवतं. म्हणून बोलण्याची सूट घ्यावी, शरीराबाबत घेऊ नये.

‘चोऱ्यामाऱ्या मुलांना कशाला?’

गुन्हा लागतोच असं नाही, वरच्या सांगाड्यात तो नाहीच. हरवलेली वस्तू, बदललेली पेटी, न उमगणारा आवाज, कोणी पाठवलं हे न कळणारं पत्र, एवढं पुरतं. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी खून नकोच. त्यांना भीतीपेक्षा ‘कसं?’ हा प्रश्न जास्त ओढतो.

‘परदेशी माणूस नेहमी चोरच का?’

हा आक्षेप पूर्ण बरोबर आहे. खराब पुस्तकांत वेश, उच्चार किंवा रंग बघून चोर ओळखता येतो. भारतात आलेल्या परदेशी गुप्तहेर-मांजराला गारुडी आणि हत्ती सोडून काही भेटत नाही, तेव्हा आपल्याला खुपतं. आपल्या कावळ्याने मोंबासात तेच करू नये. कोल्हा म्हणून लबाड आणि गाढव म्हणून मूर्ख, हीही त्याच जातीची चूक. उत्तर पुराव्यातून यावं, दिसण्यातून नाही. स्थानिक पात्राला एक तरी गोष्ट गुप्तहेरापेक्षा जास्त कळली पाहिजे. आमच्या सांगाड्यात वेळेचा घोळ मासळीवालीनेच सोडवावा.

वाचून दाखवताना

शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा, डावीकडे ‘पाहिलं’, उजवीकडे ‘वाटलं’. घरट्यातली तार डावीकडे. ‘कावळ्याने चोरलं’ उजवीकडे. ‘साआ तातू’ हा शब्द डावीकडे, ‘दुपारचे ३’ उजवीकडे. मुलं बहुतेक सगळं आधी डावीकडे लिहितात, आणि पुसून उजवीकडे नेताना त्यांना स्वतःलाच चूक सापडते. तोवर उत्तर सांगू नका. दोन दिवस लागले तरी चालतील.

‘मग कावळ्याचं काय होतं?’

हा प्रश्न मुलं विचारतातच, आणि खरं उत्तर सोपं नाही. पूर्व आफ्रिकेत आपला कावळा नकोसा झाला आहे. तो तिथल्या छोट्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातो, पिकांना आणि कोंबड्यांनाही त्रास देतो. केनियाच्या वन्यजीव खात्याने २०२४ मध्ये असे १० लाख कावळे कमी करण्याची योजना जाहीर केली होती. हे मुलांपासून लपवू नये. होकायंत्र शोधून देणारा पाहुणा चांगला, आणि तिथल्या छोट्या पक्ष्याची तक्रारही खरी. आमचा कावळा परतीची बोट धरतो. मोंबासा ते मोरमुगाव साधारण २४०० सागरी मैल, आणि मालवाहू बोट तासाला १२ सागरी मैल जाते असं धरा. तो घरी कधी पोचेल हे मुलांनाच काढू द्या, आणि बोट सकाळी निघाली तर मोरमुगावात उतरताना उजेड असेल की अंधार, तेही. अंधारात कावळा उडत नाही.